शिडाची नाव, लवंगांचे बेट आणि पंधरा कर्मादाने

आपल्या आगमसाहित्यात समुद्रप्रवासाला निघालेले व्यापारी वारंवार भेटतात. ज्ञाताधर्मकथेच्या मल्ली अध्ययनात चंपा नगरीचा अर्हन्नक श्रावक सहकाऱ्यांसह नौका सज्ज करतो, तेव्हा तीत भरलेल्या मालाचे चार प्रकार सांगितले आहेत. मोजून देण्याचा तो गणिम, तोलून देण्याचा तो धरिम, मापून देण्याचा तो मेय आणि पारखून देण्याचा तो परिच्छेद्य. ही वर्गवारी आजच्या कोणत्याही पेढीच्या साठावहीत सहज बसेल. भर समुद्रात एक देव विक्राळ रूप घेऊन येतो आणि व्रत सोडले नाहीस तर नौका बुडवीन, असे अर्हन्नकाला धमकावतो. अर्हन्नक ढळत नाही. देव प्रसन्न होतो, दिव्य कुंडले देतो आणि व्यापारी सुखरूप किनाऱ्याला लागतात.

ही कथा व्याख्यानात आपण ऐकलेली असते. पण वाऱ्यावर चालणारी व्यापारी नौका आता आपल्या अनुभवाच्या कक्षेबाहेर गेली आहे. माल कंटेनरमधून जातो आणि माणसे विमानाने जातात. ज्या वाऱ्यांनी आपल्या पूर्वजांचा व्यापार चालविला, ते वारे कसे वाहतात आणि शिडात कसे भरतात, हे पाहायचे असेल तर झांझिबारसारखे ठिकाण नाही. तेथे एक दिवस शिडाच्या होडीतून बेटे पाहण्याची सहल करता येते. गेल्या पौषात आम्ही घरची सात माणसे अशा सहलीला गेलो. सहल आनंदाची झाली. परंतु त्या दिवसाने पाठशाळेत पाठ केलेल्या एका यादीचा अर्थही आमच्यापुढे उलगडला. व्यापारी घराण्यांनी जाणून घ्यावा असा तो विषय असल्याने हा लेख लिहीत आहोत.

वाऱ्याचे वेळापत्रक

झांझिबार हा टांझानिया देशाचा भाग असलेला द्वीपसमूह आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे सहा अंशांवर, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ ही बेटे वसली आहेत. मुख्य बेटाचे नाव उंगुजा. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर ‘स्टोन टाऊन’ हे जुने दगडी शहर आहे. प्रवाळाच्या दगडाने बांधलेल्या या शहराला सन २००० मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली.

या शहराचे वैभव वाऱ्याने घडविले. साधारण मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत येथे ईशान्येकडून वारा वाहतो. त्याला स्वाहिली भाषेत ‘कास्काझी’ म्हणतात. पुढे वैशाखाच्या सुमारास वाऱ्याची दिशा उलटते आणि दक्षिणेकडून ‘कुसी’ वाहू लागतो. कच्छच्या मांडवी बंदरातून निघालेली गलबते कास्काझीवर आफ्रिकेला पोचत आणि कुसीवर स्वगृही परतत. मधले महिने वारा फिरण्याची वाट पाहण्यात जात. त्या काळात माल विकायचा, नवा भरायचा, उधारी लिहायची आणि वसुली करायची. वर्षाचा जमाखर्च असा वाऱ्याच्या पंचांगाने चाले.

या देवघेवीच्या खुणा स्वाहिली भाषेत आजही आहेत. दुकानाला ते ‘दुका’ म्हणतात, पैशाला ‘पेसा’, गाडीला ‘गारी’, लाखाला ‘लाकी’. विम्याला ‘बिमा’ आणि हुंडीला ‘हुंडी’च म्हणतात. होडीचा तांडेल ‘नाहोधा’ असतो. आपल्या किनाऱ्यावरचा नाखवा आणि तो एकाच फारसी शब्दाची अपत्ये. मोठ्या गलबताला ‘जहाझी’ म्हणतात आणि लहान होडीला ‘मशुआ’, जी ऐकताच मराठी मचवा आठवतो. परक्या देशात पहिल्याच दिवशी आपल्या पेढीचे शब्द कानी पडावेत, याचा व्यापाऱ्याच्या मनाला वेगळाच आनंद होतो.

शीड चढते

स्वाहिली घड्याळाची गणना सूर्योदयापासून होते. आपण ज्याला सकाळचे सात म्हणतो तो त्यांचा पहिला तास आणि नऊ वाजले की तिसरा. नवकारशी आणि पोरसीची वेळ सूर्योदयापासून मोजणाऱ्या आपल्या घरांना ही रीत परकी वाटत नाही. सासूबाईंनी हे ऐकले आणि, ‘मग या लोकांना पच्चक्खाणाची वेळ समजावून सांगावी लागणार नाही,’ असे म्हणाल्या.

त्या दररोज सकाळी चौदा नियम धारतात. त्या दिवशी ‘वाहन’ या नियमात त्यांनी होडी धरली आणि ‘दिशा’ या नियमात बेटापर्यंतची मर्यादा ठेवली. नवकारशी पारून, उकळलेले पाणी आणि डबे बरोबर घेऊन, तिसऱ्या तासाला आम्ही किनाऱ्यावर पोचलो.

होडी सुमारे तीस फूट लांब, लाकडी, नाळेला निमुळती होती. मध्ये एकच डोलकाठी, किंचित पुढे झुकलेली. तिच्या टोकाशी दोरखंडाने वर ओढली जाणारी एक लांब तिरकी काठी असते आणि त्या काठीला त्रिकोणी शीड बांधलेले असते. ओहोटीच्या उथळ पाण्यातून होडी बाहेर काढेपर्यंत खलाशांनी लहानसे यंत्र चालविले. मग ते बंद झाले. तिघांनी दोरखंड धरला आणि एकाच लयीत ओढीत ती काठी वर चढविली. शीड दोन-तीनदा फडफडले आणि नाहोधाने खालचा दोर ओढून बांधताच वाऱ्याने भरले. होडी एका अंगाला कलली आणि चालू लागली.

त्यानंतरची शांतता लक्षात राहण्यासारखी होती. यंत्राचा आवाज नाही, धुराचा वास नाही. फळ्यांना घासत जाणारे पाणी आणि ताणलेल्या दोराची करकर तेवढी ऐकू येत होती. मागे शहराची किनारपट्टी उलगडत होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस ओमानी अरबांनी बांधलेला किल्ला, सुलतान बर्गश यांचा १८८३ सालचा ‘आश्चर्यांचा महाल’ (याचा काही भाग २०२० साली कोसळला) आणि त्यांच्या पलीकडे कोरीव लाकडी सज्जांचा जुना दवाखाना. हा दवाखाना कच्छहून आलेले खोजा व्यापारी तारिया तोपन यांनी धर्मादाय कार्यासाठी बांधावयास घेतला होता. त्यांचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

शहरातल्या गल्ल्यांतील कोरीव दरवाजेही प्रसिद्ध आहेत. चौकोनी तावदानांचे, फुलांच्या नक्षीचे, पितळी खिळे ठोकलेले गुजराती धाटणीचे दरवाजे पाहिले की आपण पाटण किंवा मांडवीच्या एखाद्या पोळात उभे आहोत, असे वाटते. येथे नावारूपास आलेल्या मोठ्या पेढ्या प्रामुख्याने भाटिया आणि खोजा समाजांच्या होत्या. मुंद्र्याच्या जयराम शिवजी यांच्या पेढीकडे अनेक दशके झांझिबारच्या जकातीचा मक्ता होता. आपले हालारी विसा ओसवाल बांधव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जामनगर परिसरातून पूर्व आफ्रिकेत येऊ लागले आणि त्यांनी मुख्यतः मोंबासा व नैरोबीकडे वस्ती केली.

चांगूची कासवे

स्टोन टाऊनच्या वायव्येला साडेपाच किलोमीटरवर चांगू नावाचे छोटे बेट आहे. वारा आडवा मिळाला तर तासाभरात होडी तेथे पोचते. बेटाचे नाव एका माशावरून पडले. पर्यटक मात्र त्याला ‘तुरुंगाचे बेट’ म्हणतात. १८६० च्या दशकात हे बेट दोघा अरबांच्या ताब्यात होते आणि बंड करणाऱ्या गुलामांना येथे डांबून ठेवीत. १८९३ साली सुलतानाचे मुख्य प्रधान असलेले ब्रिटिश अधिकारी लॉईड मॅथ्यूज यांनी ते विकत घेऊन तुरुंग बांधला; पण त्यात कैदी कधी ठेवलेच गेले नाहीत. साथीच्या रोगांच्या भयाने जहाजांवरून येणाऱ्या प्रवाशांना वेगळे ठेवण्याचे केंद्र म्हणून त्या इमारती वापरल्या गेल्या.

आज लोक येतात ते कासवे पाहण्यासाठी. १९१९ मध्ये सेशेल्सच्या ब्रिटिश गव्हर्नरांनी अल्दाब्रा जातीची चार प्रचंड कासवे भेट म्हणून पाठविली. त्यांची प्रजा वाढत गेली आणि १९५५ पर्यंत ती सुमारे दोनशे झाली. पुढे चोरी सुरू झाली. परदेशात घरी पाळण्यासाठी आणि खाण्यासाठी कासवे नेली जाऊ लागली, आणि १९९६ साली बेटावर केवळ सात उरली. मग प्राणिरक्षणाचे कार्य करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या साहाय्याने सरकारने त्यांच्यासाठी कुंपण घातलेले आवार बांधले आणि बाहेरून पिले आणून ठेवली. त्यांतीलही अनेक पिले नाहीशी झाली. तरी हळूहळू संख्या सावरली.

झाडांच्या सावलीत ही कासवे पाने खात बसलेली असतात. पाठीवर रंगाने वय लिहिलेले असते. कित्येकांचा आकडा शंभरच्या वर असतो. रखवालदार पाहुण्यांच्या हाती पाने देतो. कासव मान लांब करून सावकाश पान घेते. आमच्या धाकट्या लेकीने ते आवार पाहून, ‘ही तर पांजरापोळच आहे,’ असे उद्गार काढले आणि ते खरेच होते. फरक इतकाच की पांजरापोळीत बहुधा कामातून गेलेली जनावरे येतात, येथे भिंत घालावी लागली ती गिऱ्हाइकापासून रक्षण करण्यासाठी.

वाळूच्या पट्ट्यावर

दुपारी होडी ‘नाकुपेंडा’ नावाच्या वाळूच्या पट्ट्याला लागली. स्वाहिलीत या शब्दाचा अर्थ ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ असा होतो. हा पट्टा ओहोटीला वर येतो आणि भरतीला जवळजवळ सगळा पाण्याखाली जातो. चहूकडे हिरवे-निळे पाणी आणि मध्ये पांढऱ्या वाळूची एक पट्टी, एवढेच तेथे आहे.

या सहलींत भोजन म्हणजे वाळूवर भाजलेले मासे, हे ठरलेलेच असते. आम्ही आधीच लेखी कळविले होते, म्हणून आमच्या होडीवर मासा आणला गेला नाही. नाहोधाने नारळ, केळी, अननस आणि आंबे कापून दिले. आमचे खाखरे, थेपले आणि सुकी भाजी सोबत होतीच. वाऱ्याच्या खालच्या अंगाला इतर होड्यांच्या चुली पेटल्या होत्या. नाहोधाने आपली चटई वाऱ्याच्या वरच्या अंगाला अंथरली. न सांगता केलेली ही सोय मनाला भावली.

जेवणानंतर एक घटना घडली. एका तरुण खलाशाने पाण्यात बुडी मारली आणि हातात तांबडा, ठिपक्यांचा सुंदर तारामासा घेऊन तो वर आला. शेजारच्या होडीवरील पाहुणे तसेच तारामासे तळहातावर घेऊन छायाचित्रे काढीत होते आणि त्याबद्दल खलाशांना ‘बक्षिशी’ देत होते. आपल्या पाहुण्यांनाही ते हवे असेल, हा त्याचा साधा हिशेब होता. परंतु तारामासा पाण्यातूनच श्वास घेतो. हवेत धरून ठेवला, हातोहात फिरविला, तर तो पुष्कळदा मरतो. पाण्यात परत टाकला तरी वाचेलच असे नाही. सासूबाईंनी हात जोडून तो लगेच पाण्यात ठेवायला सांगितला. खलाशी गोंधळला. आपले काही चुकले का, असे त्याने विचारले. नाहोधाने त्याला स्वाहिलीत समजाविले. मग सासूबाईंनी पर्स उघडली आणि शेजारी जी बक्षिशी मिळत होती तेवढी त्याच्या हातावर ठेवून, ‘हे जिवंत ठेवल्याबद्दल,’ असे सांगितले.

पाण्याखालचे प्रवाळही त्या दिवशी पाहिले, होडीत बसून, काचेच्या तळाच्या डब्यातून. जीवविचार प्रकरणात प्रवाळाची गणना पृथ्वीकायात आहे. आजचे जीवशास्त्र त्याला असंख्य सूक्ष्म प्राण्यांची वसाहत म्हणते. दोन्ही दृष्टींनी ते सजीव आहे आणि त्यावर पाय ठेवून उभे राहणे वर्ज्यच ठरते. तेथे मात्र अनेक जण पोहता पोहता दमले की त्यावरच उभे राहतात.

जुना बाजार

तिसऱ्या प्रहरी वाऱ्याने साथ दिली आणि चार वाजण्यापूर्वी आम्ही शहरात परतलो. चौविहाराला अवकाश होता. झांझिबारमध्ये सूर्यास्त वर्षभर सव्वासहा ते पावणेसातच्या दरम्यान होतो, त्यामुळे वेळेचा अंदाज सोपा असतो. मधल्या वेळात आम्ही जुना गुलामांचा बाजार जेथे होता ती जागा पाहावयास गेलो.

तेथे आज ख्रिस्ती प्रार्थनामंदिर आहे. ५ जून १८७३ रोजी सुलतान बर्गश यांनी ब्रिटिशांच्या दबावाखाली करार करून समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार बंद केला आणि बाजारालाही टाळे लागले. या कराराच्या वाटाघाटींसाठी आलेले सर बार्टल फ्रिअर हे १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. मुंबईच्या किल्ल्याचा तट त्यांच्याच कारकिर्दीत पाडला गेला. त्याच वर्षी बाजाराच्या जागेवर प्रार्थनामंदिराचा पाया घातला गेला. पूर्वी जेथे फटके मारण्याचा खांब होता, तेथेच वेदी उभारली, असे सांगतात. बाहेर एका खड्ड्यात पाच मानवी आकृतींचे शिल्प आहे. गळ्यात साखळी, नजर शून्यात. स्वीडिश शिल्पकार क्लारा सॉर्नास यांनी ते १९९८ साली घडविले. झांझिबारमधील गुलामगिरी कायद्याने संपण्यास मात्र १८९७ साल उजाडावे लागले.

येथे धाकटीने विचारले, ‘केशवाणिज्य म्हणजे केसांचा व्यापार ना?’

पाठशाळेत तिने पंधरा कर्मादानांची नावे पाठ केली आहेत. श्रावकाच्या सातव्या व्रतात, भोगोपभोग परिमाणात, ही पंधरा निषिद्ध उपजीविकांची यादी येते आणि प्रतिक्रमणात आपण तिचा उच्चार करतो. दिगंबर परंपरेत पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात ‘खरकर्म’ या नावाने हाच विषय मांडला आहे. या पंधरांपैकी पाच प्रत्यक्ष व्यापार आहेत. दंतवाणिज्य, लाक्षावाणिज्य, रसवाणिज्य, केशवाणिज्य आणि विषवाणिज्य. केशवाणिज्य या शब्दाने केस असलेल्या द्विपाद आणि चतुष्पाद जिवांचा व्यापार सांगितला आहे, म्हणजे दास-दासी आणि जनावरे यांची खरेदी-विक्री. दंतवाणिज्य म्हणजे हस्तिदंत आणि तत्सम प्राणिजन्य वस्तूंचा व्यापार. या पाचांपैकी पहिला आणि चौथा हे झांझिबारच्या एकोणिसाव्या शतकातील समृद्धीचे मुख्य आधार होते. मुलीने ज्या शब्दाचा अर्थ विचारला, तो शब्द समोर खड्ड्यात साखळीने बांधून उभा होता.

आगाऊ रक्कम कोठे जाते

कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात दंतवाणिज्याची व्याख्या करताना एक बारकावा सांगितला आहे. दात, केस, नख, अस्थी, चर्म यांची त्यांच्या उत्पत्तिस्थानी व्यापारासाठी केलेली खरेदी, असे ते म्हणतात. उत्पत्तिस्थानी का? टीकेत कारण दिले आहे. व्यापारी पुलिंदांना आधी मूल्य देतो. मूल्य घेतलेले ते लोक दात पुरविण्यासाठी हत्तींना मारतात. हत्तीवर शस्त्र व्यापाऱ्याने चालविलेले नसते. तो तर त्या वेळी आपल्या गादीवर बसलेला असतो. तरीही दोष त्याच्या खात्यावर पडतो, कारण त्याच्या आगाऊ रकमेने ती हत्या मागविलेली असते.

बाराव्या शतकात पाटणला लिहिलेल्या या विवेचनात सातशे वर्षांनंतरच्या झांझिबारचा व्यवहार जवळजवळ हुबेहूब दिसतो. स्टोन टाऊनच्या पेढ्या काफिल्याच्या म्होरक्यांना उधारीवर कापड, मणी आणि पितळेची तार देत. काफिले ताबोरा, उजीजी, टांगानिका सरोवरापर्यंत शेकडो कोस पायी जात. परत यायला महिने, कधी वर्षे लागत. येताना हस्तिदंत आणीत आणि गुलामही. त्या काळचा सर्वांत प्रसिद्ध काफिलेवाला टिपू टिप हा हस्तिदंत आणि गुलाम या दोहोंचा व्यापारी होता आणि त्याला भांडवल पुरविणाऱ्यांत धर्मादाय दवाखान्याचे तेच तारिया तोपन होते. अरब, अमेरिकन, ब्रिटिश, जर्मन अशा सर्वच व्यापाऱ्यांचे हात यात गुंतलेले होते. केवळ हिंदी पेढ्यांना दोष देणे न्याय्य होणार नाही. पण १८६० च्या सुमारास ब्रिटिश कॉन्सल रिग्बी यांनी हिंदी लोकांच्या ताब्यातील हजारो गुलामांना मुक्त करविले, हेही इतिहासात नोंदलेले आहे.

आणि मागणी कोणाची होती? पाश्चात्त्यांना पियानोच्या पट्ट्या आणि बिलियर्डचे चेंडू हवे होते. मुंबईमार्गे कच्छ, गुजरात, राजस्थानात जाणाऱ्या हस्तिदंताचे चुडे होत. अनेक समाजांत ते सौभाग्यलेणे होते. पूर्व आफ्रिकेचा दात मऊ आणि कोरण्यास सोपा म्हणून नावाजलेला होता. येथल्या लवंगांच्या बागाही गुलामांच्या श्रमांवर उभ्या राहिल्या होत्या, आणि ती लवंग आपल्या मसाल्याच्या डब्यात येत होती. चुडा भरणाऱ्या वधूला किंवा मुखवासात लवंग घालणाऱ्या गृहिणीला त्या साखळीचे दुसरे टोक दिसत नव्हते.

आफ्रिकन हत्तीच्या दाताचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९८९ मध्ये ‘साइट्स’ कराराच्या देशांनी निषिद्ध ठरविला. जे आपल्या आचार्यांनी श्रावकाला शतकानुशतके आधी सांगितले होते, ते जगाने कायद्यात आणायला विसावे शतक संपत आले. याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु यादी पाठ असणे आणि यादीतला न्याय आपल्या वहीला लावणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज आपल्यापैकी क्वचितच कोणी हस्तिदंताचा व्यापार करतो. कापड, रत्ने, रसायने, धान्य, चामड्याला पर्याय म्हणून आलेली सामग्री, सुटे भाग असे आपले व्यवसाय आहेत. या प्रत्येकात कोठे तरी आगाऊ रक्कम जाते आणि ती दूर कोठे तरी कोणाला तरी काही तरी करायला लावते. रंगाईच्या कारखान्याचे पाणी कोणत्या नदीत जाते, खाणीत कोण उतरते, ठरलेल्या दरात माल देण्यासाठी कंत्राटदार कोणाची मजुरी कापतो, हे प्रश्न दंतवाणिज्याच्या व्याख्येतूनच निघतात. मार्गानुसारीच्या पस्तीस गुणांत हेमचंद्राचार्यांनी पहिला गुण ‘न्यायसंपन्न विभव’ हा ठेवला. दान त्यानंतर येते. दवाखान्याचा कोरीव सज्जा कितीही सुंदर असला तरी हा क्रम बदलत नाही.

वाळूवरचा तारामासा हे याच साखळीचे लहान रूप होते. त्या तरुण खलाशाला जिवाला पीडा देण्याची हौस नव्हती. मागील पाहुण्यांच्या बक्षिशीने त्याला ते काम शिकविले होते. तीच बक्षिशी दुसऱ्या कारणासाठी देता येते, हे सासूबाईंनी दाखविले. पुढच्या होडीच्या पाहुण्यांनी काय मागितले असेल, कोण जाणे. पण गिऱ्हाईक जे मागते ते बाजार पुरवितो, हे व्यापाऱ्याइतके कोणाला ठाऊक असणार?

जाणाऱ्यांसाठी थोडे

झांझिबारला जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी काही सूचना उपयोगी पडतील. शिडाच्या होडीसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी आणि जून ते सप्टेंबर हे काळ चांगले. मार्च ते मे या दिवसांत दीर्घ पाऊस असतो. होडी ठरविताना प्रवास शिडावर होणार की यंत्रावर, हे स्पष्ट विचारावे. मासे आणू नयेत, हे आदल्या दिवशी लेखी कळवावे; आदराने सांगितले तर ऐकले जाते. टांझानियात प्लास्टिकच्या पिशव्यांना २०१९ पासून बंदी आहे, म्हणून कोरडा खाऊ डब्यांत किंवा कापडी पिशव्यांत न्यावा. बेटावरील बहुसंख्य रहिवासी मुस्लिम असून शहरात फिरताना अंगभर वस्त्रे घालणे शिष्टसंमत आहे. शंख, शिंपले, प्रवाळ किंवा कासवाच्या पाठीच्या वस्तू किनाऱ्यावर विकायला येतात. त्या घेऊ नयेत. आणि मुले बरोबर असतील तर जुन्या बाजाराची जागा टाळू नये. ती पाहून मुले काही काळ गप्प होतात. नंतर विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देण्याची तयारी मात्र वडीलधाऱ्यांनी ठेवावी.

अर्हन्नकाच्या नौकेतील चौथ्या प्रकारचा माल परिच्छेद्य होता, पारखून देण्या-घेण्याचा. हस्तिदंतही पारखूनच घेतला जात असे. त्याचे वजन, रंग, चीर, पोकळी सारे पाहिले जाई. तो कसा आला, एवढीच पारख बहुतेकांनी वगळली होती. येत्या प्रतिक्रमणात त्या पाच वाणिज्यांची नावे उच्चारताना क्षणभर थांबून आपल्या चालू वर्षाच्या वहीतील आगाऊ रकमांचे पान डोळ्यांपुढे आणावे, आणि एखाद्या रकमेपुढे ती कोठे गेली हे लिहिता येत नसेल, तर दुसऱ्या दिवशी पेढी उघडताच तिची चौकशी करावी.